जाड आई, तलम आई

त्या वर्षी आमच्या घरात दोन आया होत्या आणि फ्रिजवर एक मेंदू.

मेंदू प्लास्टिकचा. एका शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला, खऱ्यापेक्षा चांगला दीडपट मोठा, आठ तुकड्यांत सुटणारा, आणि त्यातला एक तुकडा आधीच कोणीतरी हरवलेला. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मुलींसाठी एक संस्था मराठीत पुस्तिका काढत होती, एकेका अवयवावर एकेक धडा. मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडून घरी बसले होते. म्हणजे तसं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्या चार वर्षांत मला बसलेलं कोणी पाहिलं असेल तर कळवावं. धडा लिहायचं काम मी हौसेनं मागायला गेले तोवर हृदय एका कवीनं पळवलं होतं आणि पोट एका वैद्यबुवांनी. मेंदू उरला होता. तो मी पिशवीत घालून सिटी बसनं घरी आणला.

सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे मुंडकं देवांसमोर ठेवायचं नाही.”

देव स्वयंपाकघरात, झोपायची खोली एकच, म्हणून मेंदू बाहेरच्या खोलीत फ्रिजवर गेला. माझ्या आईला, म्हणजे मायला, तो उघडा बघवेना. तिनं दोन दिवसांत लोकरीचं पिवळं टोपरं विणून त्याच्यावर चढवलं, खाली बंद बांधले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, या वयात हिच्याकडे बारसं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहायचो, नवरा अंबडला एका कंपनीत पाळीवर. आमचं लग्न जातीबाहेरचं. सासूबाई पंचवटीतल्या, यात्रेकरूंची पूजा सांगणाऱ्या घरातल्या. माय सायखेड्याची, नदीकाठच्या मळ्यातली, म्हशी आणि वांगी यांत जन्म काढलेली. मला भाऊ नाही. वडील गेल्यावर माय मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस म्हणून आली आणि ते आठ दिवस चार वर्षं चालले. लेकीच्या घरी राहायचं तिला जड जाई. दर सोमवारी सकाळी ती गाठोडं बांधी, “जाते बाई आता,” म्हणे, आणि दुपारी जेवण झाल्यावर तेच गाठोडं उशाला घेऊन आडवी होई.

सासूबाईंना मी लग्नापासून ‘आई’ म्हणत होते. मायला ‘माय’. हाक मारायची सोय झाली होती; बाकी कुठलीच नव्हती.

त्या दोघी एकमेकींशी बोलत ते असं.

“विहीणबाई, भाजीत तिखट घातलंय की तिखटात भाजी?”

“इहिणबाई, तुमच्या आमटीतल्या गुळाचा पत्ता काल मुंगळे इचारीत व्हते.”

“तुझ्या आईला सांग, ओल्या पायांनी देवघरात येऊ नये.” हे मला. माय दोन हातांवर बसलेली.

“तुझ्या सासूला सांग, पाय वाळलेत.” हेही मलाच.

मी दिवसभर हे निरोप एका चटईवरून दुसऱ्या चटईवर पोचवत असे. पहिल्या वर्षी मी हे नाट्य चांगलं रंगवून शेजारणींना करून दाखवलं, दोघींच्या आवाजांत. चौथ्या वर्षी माझा घसा बसला होता. संध्याकाळी सहानंतर मला कोणी नावानं हाक मारली तरी मी ओ द्यायची नाही. म्हणायची, कुठली तरी दुसरी असेल.

दुपारी मात्र दोघी शेजारीशेजारी चटया टाकून पडत आणि हळू आवाजात काही बोलत राहत. मी तेव्हा टेबलावर मेंदू घेऊन बसलेली. मला वाटे, भांडतायत. ऐकायला जाण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

आता त्या मेंदूबद्दल. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड, मधलं जाळीसारखं, आतलं अगदी पातळ, मेंदूच्या घडीघडीत शिरलेलं. मराठी परिभाषेत त्यांना दृढतानिका, जालतानिका आणि मृदुतानिका म्हणतात. एकाच घरातल्या तीन मुलींची नावं वाटावीत अशी ही गोड नावं, पण इंग्रजी पुस्तकात पाहिलं तर बाहेरच्याला ड्युरा मेटर आणि आतल्याला पाया मेटर. हे शब्द लॅटिन. मेटर म्हणजे आई. ड्युरा मेटर, कठोर आई. पाया मेटर, मायाळू आई. आणि दोघींच्या मध्ये जे जाळीदार आवरण, त्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव.

मी पुस्तक मिटलं आणि आजूबाजूला पाहिलं. एक आई आत स्वयंपाकघरात देव्हाऱ्यापाशी ताठ बसून वाती वळत होती, दुसरी दारात वाकून कोथिंबीर निवडत होती, आणि मध्ये टेबलापाशी मी, पार विरलेली. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी दोघींना मनातल्या मनात नावं देऊन टाकली. सासूबाई दृढ, माय मृदू. नवरा पाळीवरून आला की मी सांगायची, “दृढ जेवल्या.” त्याला वाटे, धड्यातलं काहीतरी आहे. होतंच.

पण आई का? चामड्यासारख्या एका पापुद्र्याला आई म्हणायचं कोणाला सुचलं? परिभाषेच्या पुस्तकात आई गायब होती. आमच्या संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, “बाई, धडा नर्सिंगचा आहे, घराण्याचा नाही.” शेवटी जुन्या नाशकात राहणारे एक निवृत्त उर्दू मास्तर आहेत असं नवऱ्याला कंपनीत कळलं. त्यांचे आजोबा युनानी औषधं देत, आणि त्यांची जुनी अरबी पुस्तकं मास्तरांनी जपून ठेवली होती. मी गेले. त्यांनी चहा दिला, माझा प्रश्न दोनदा ऐकला आणि खूश झाले.

“हे लॅटिनवाल्यांचं नाही, मॅडम. आमच्याकडून नेलंय. ग्रीक लोक नुसतं जाड पापुद्रा, पातळ पापुद्रा म्हणायचे. अरबी हकीम म्हणाले, उम्म. आई. अरबी बोलीत वस्तूंची नातीच लागतात एकमेकींशी. वाटसरूला म्हणतात वाटेचा मुलगा. तसं जे दुसऱ्याला पोटाशी धरून ठेवतं, ती त्याची आई. मग पुढे कोणीतरी ते लॅटिनमध्ये नेलं, शब्दाला शब्द.”

“म्हणजे कठोर आई आणि मायाळू आई, दोन्ही तुमच्याच?”

मास्तर थबकले. “कठोर बरोबर आहे. मायाळू… मला पुस्तक पाहावं लागेल. ते पेटीत तळाला आहे. पुन्हा या.”

पुन्हा जायला मला दीड महिना लागला. कारण मध्ये सासूबाईंच्या डोक्याला लोखंडी कपाटाचं उघडं दार लागलं.

तसं काही झालं नाही. रक्त नाही, चक्कर नाही, एक टेंगूळ आलं. मी बर्फ धरला तर म्हणाल्या, “कपाटालाच लागलं असेल, त्याला लाव.” तीन दिवसांत टेंगूळ गेलं आणि आम्ही विसरलो. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, सकाळची भांडी आवरून मी धड्याचं तिसरं पान लिहीत असताना माय टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“इहिणबाईंचं काहीतरी बिनसलंय.”

“काय झालं?”

“दोन दिस झाले, मला काई बोलल्याच नाय.”

“मग बरंय की माय. तुलाही आराम, मलाही.”

“काल म्या भाजीत मीठ घातलं नाय.”

“विसरलीस?”

“इसरले न्हवते. मुद्दाम नाय घातलं. बघू म्हणलं काय म्हणत्यात.” मायचा आवाज एकदम खाली गेला. “गुमान खाल्ली गं.”

मी उठून आत गेले. सासूबाई देवांना फुलं वाहत होत्या. उजव्या हातातलं फूल देवावर जात होतं, डाव्या हातातलं बोटांतून गळून मांडीवर पडत होतं, आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहून हसल्या. चौदा वर्षांच्या संसारात त्या माझ्याकडे पाहून इतक्या मोकळ्या कधी हसल्या नव्हत्या.

रिक्षा करून द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. मायला घरी थांबायला सांगितलं. डोक्याचा स्कॅन झाला. तिथले सर्जन तरुण होते, मृदू आवाजाचे. त्यांनी काळी फिल्म उजेडासमोर धरून पेनानं दाखवलं. “ही कवटी. तिच्या आतून हा ड्युराचा थर. त्याच्या आत हे साचलंय, बघा. जुनं रक्त. थेंबथेंब साठत गेलंय, आता मेंदूवर दाब देतंय.”

मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हा पत्ता मला ठाऊक आहे. कठोर आईच्या आत, कोळ्याच्या जाळ्याच्या बाहेर. माझ्याच तिसऱ्या पानावर शाई अजून ओली होती.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले. “कवटीला दोन छोटी भोकं पाडायची, ड्युरा उघडायचा, रक्त काढून टाकायचं. या वयातही माणसं छान बरी होतात. उद्या सकाळी सातला घेऊ. मात्र त्याहून उशीर नको, गुंगी वाढतेय. संध्याकाळी सहाला न्हावी येतो, तो केस काढून जाईल.”

सासूबाई पलंगावर डोळे मिटून होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांनी डोळे उघडले. उजवा हात हळूहळू वर गेला आणि मागच्या अंबाड्यावर बसला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

चार वाजले होते. नवरा कंपनीच्या कपड्यांतच धावत आला, त्यानं समजावलं. “आई, केस परत येतात.” नाही. “आई, अर्धांग होईल.” नाही. “आई, जीव जाईल.” यावर त्यांनी नुसता हात घट्ट केला. जीभ जड झाली होती, डावी बाजू ढिली पडत होती, मध्येच ग्लानी येत होती, पण अंबाड्यावरची बोटं काही सुटत नव्हती. सिस्टरनं हलकेच काढायला पाहिली तर नखं लागली.

डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेतलं. रुग्ण गोंधळलेली आहे, मुलानं सही केली की पुरतं, गुंगीचं इंजेक्शन देऊन आम्ही केस काढून घेऊ. नवऱ्यानं पेन घेतलं. त्याचं काही चुकत नव्हतं. माझंही मत तेच होतं. मला वाटत होतं, हा केसांचा मोह आहे. पांढरे शुभ्र, कमरेपर्यंत केस. रविवारी शिकेकाई, मग खिडकीत बसून वाळवणं, मग थेंबभर खोबरेल. इतक्या करड्या बाईचा तेवढा एकच लाड. त्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा म्हणजे हट्टाची कमाल, असं मी मनात म्हणाले, आणि हेही म्हणाले की मी फार दमलेय, करून टाका काय ते.

तेवढ्यात माय आली. मी घरी थांब म्हटलं होतं. ती डबा घेऊन, दोनदा रिक्षा बदलून आली होती. तिला काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला.

“जावईबापू, सही करू नका. वाईच थांबा.” आणि माझा दंड धरून तिनं मला जिन्यापाशी नेलं. “तुला ठाऊक नाय?”

“काय?”

“चार वरीस दुपारचं दुसरं काय सांगत्यात त्या मला?”

मग तिनं मला सांगितलं. सासूबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे वडील गेले. त्या काळच्या त्या घरातली रीत होती. विधवेनं केस ठेवायचे नाहीत. दर काही आठवड्यांनी न्हावी मागच्या दारानं यायचा. आई परसात पाटावर भिंतीकडे तोंड करून बसायची. घरातलं दुसरं कोणी तिकडे फिरकायचं नाही, म्हणून पाण्याचा तांब्या धरून उभं राहायचं काम या मुलीकडे. न्हावी म्हातारा होता, मान खाली घालून काम करायचा, एक शब्द बोलायचा नाही. त्याचाही इलाज नव्हता. लग्न होऊन घरातून जाईतो हिनं तो तांब्या धरला. एकदा हातातून पडला. आई मागे न वळता म्हणाली, भरून आण.

“न्हावी म्हणलं का त्यांना अजून तो तांब्या आठवतो,” माय म्हणाली. “केसांचं काय नाय गं. केस गेले तर गेले म्हणत्यात.”

मी जिन्याच्या कठड्याला टेकले. चार वर्षं माझ्या टेबलापासून सहा फुटांवर हे बोलणं चाललं होतं, आणि मी त्या सहा फुटांवरून दोघींची नावं ठरवली होती. नवऱ्याला विचारलं तर त्यालाही काही माहीत नव्हतं. त्याला आपल्या आजीचं लाल लुगडं आणि कपाळापर्यंत ओढलेला पदर एवढाच आठवत होता.

माय पलंगापाशी गेली. आम्ही पडद्याजवळ.

“इहिणबाई. न्हावी नाय येनार. त्याला नाय म्हणून सांगितलंय.”

सासूबाईंनी डोळे उघडले.

“म्या काढते.”

अंबाड्यावरची बोटं जराशी सैलावली. मग, “येतं का… तुम्हाला?”

“न यायला काय झालं? जल्मभर म्हशी भादरल्या.”

आता सासूबाईंची जीभ खरोखर जड होती. पुढचं वाक्य त्यांनी तीन तुकड्यांत, मध्ये थांबत म्हटलं. मी ते थोडं इस्त्री करून देतेय, तेवढी मुभा असावी. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्यासाठी… हात बसलेलाच आहे.”

माय वळून माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर मी तसं हसू फार वर्षांनी पाहिलं. दोन दिवसांत पहिला टोमणा होता तो.

डॉक्टरांना नवऱ्यानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. ते आले, त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, उजव्या बाजूचं काम आहे, अर्धंच डोकं केलं तरी चालेल. सिस्टर मायकडे बोट करून म्हणाल्या, कात्री या आजींना देते, मशीनही देते, पण वस्तरा मी फिरवणार. कातडीला ओरखडा आला तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. सगळं ठरलं. पडदा ओढला. उशीवर जुनी चादर अंथरली. सिस्टरनं कोमट पाण्याचं स्टीलचं भांडं आणून माझ्या हातात दिलं आणि मी ते धरून मायच्या शेजारी उभी राहिले. आपल्याकडून काहीतरी मदत, एवढंच माझ्या डोक्यात.

सासूबाईंची नजर त्या भांड्यावर गेली. मग माझ्यावर.

“ते खाली ठेव.”

मला कळेना.

“तू नको धरूस. बाहेर जा.”

मी भांडं स्टुलावर ठेवलं आणि बाहेर गेले. बाकावर नवरा बसला होता, हातावर ग्रीसचे डाग तसेच. मी त्याच्या शेजारी बसले. इतकी थकले होते की रडायलाही कुठून सुरुवात करावी ते सुचेना. पडद्याच्या आतून कात्रीचा आवाज येत होता, आणि मधूनमधून माय.

“मान जरा इकडं. हां. लय दाट हाय बाई.”

कात्री थांबली.

“दुखलं व्हय?”

“नाही.”

“झालं बघा उजवं. डॉक्टर म्हणत्यात एवढं बास.”

मग तो जड, तुटक आवाज. “अर्धं कशाला? मी काय… कापून ठेवलेलं कलिंगड आहे? सगळं काढा.”

नवरा माझ्याकडे बघत राहिला. आतून कात्री पुन्हा सुरू झाली.

सकाळी सातला नेलं, साडेनऊला डॉक्टर बाहेर आले. ड्युरा उघडल्याबरोबर रक्त दाबानं बाहेर आलं म्हणाले, काळं, पातळ. “इंजिन ऑइलसारखं?” नवऱ्यानं विचारलं. “अगदी,” डॉक्टर म्हणाले, आणि त्या एका शब्दावर नवऱ्याचा सगळा जीव शांत झाला. ही गोष्ट त्याच्या खात्यातली होती. तुंबलेलं ऑइल काढलं की मशीन चालतं.

दुसऱ्या दिवशी त्या डावा हात उचलायला लागल्या. आम्ही सुटलो असं मला वाटलं. पण माय काही सुटली नव्हती. ती पलंगाशेजारी स्टुलावर बसून सासूबाईंच्या तोंडाकडे एकटक बघत बसे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरून डबा घेऊन आले तर ती कॉरिडॉरमध्ये सिस्टरला शोधत होती.

“डॉक्टरला बोलव. पुन्हा साचलं गं.”

“काय झालं माय?”

“मला म्हणाल्या, विहीणबाई, दमला असाल, जरा पडा.”

मी डबा तिथेच टाकून पळाले. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हात दाबायला लावले, बोटं मोजायला लावली, आज वार कोणता ते विचारलं. सासूबाईंनी सगळी उत्तरं दिली. वार सांगितला, वर तिथीही सांगितली. मग डोकं गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

“काय झालंय या दोघींना?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांना खरं सांगावं लागलं.

“माणूस एकदा नीट बोललं तर डॉक्टर बोलावता?” त्या मायला म्हणाल्या. “आता पडू नका. बसा तशाच.”

माय स्टुलावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि दोन मिनिटांत बसल्याबसल्या झोपली. सासूबाईंनी मला बोट करून, तिच्या डोक्यामागे उशी ठेवायला सांगितलं. “भिंत गार आहे,” म्हणाल्या. बोलल्या मात्र अगदी हळू, माय जागी असती तरी तिला ऐकू गेलं नसतं.

पंधरा दिवसांनी मी मास्तरांकडे गेले. पेटीच्या तळातलं पुस्तक त्यांनी काढून ठेवलं होतं, पानात अगरबत्तीची काडी घालून.

“मॅडम, मायाळू असं काही नाही यात,” ते म्हणाले. “बाहेरचीला म्हटलंय जाफिया. जाड, राठ. आतलीला म्हटलंय रकीका. रकीका म्हणजे पातळ. तलम. मलमल असते ना, तशी. मायाळू, भाविक वगैरे लॅटिन करणाऱ्यानं आपल्या मनचं घातलंय. त्याला वाटलं असेल, एक कठोर आहे तर दुसरी मायाळूच असणार.” त्यांनी पुस्तक मिटलं. “एक जाड, एक तलम. आई दोन्ही.”

मी चहा पीत राहिले. त्या लॅटिन गृहस्थाशी माझं कुठंतरी जवळचं नातं निघत होतं. शेकडो वर्षांपूर्वी, कुठल्यातरी गार खोलीत, टेबलावर पुस्तक घेऊन बसलेला, बहुधा दमलेला, समोरच्याचं नीट न ऐकता नाव देऊन मोकळा झालेला माणूस. आणि त्यानं दिलेलं नाव आजतागायत सगळे डॉक्टर तसंच घेतायत. मी दिलेली नावं निदान घरातच राहिली. त्या दिवसापासून मी दृढ-मृदू म्हणणं सोडलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, “तुझा तो धडा संपला वाटतं?”

धडा संपला. दृढतानिका म्हणजे मेंदूचं बाहेरचं जाड आवरण, असं मी लिहिलं, आणि खाली दोन ओळी घातल्या, की अरबी हकीम या आवरणांना आई म्हणत, कारण ती मेंदूला पोटाशी धरतात. संपादकांनी त्या दोन ओळींवर लाल पेन्सिल मारून समासात लिहिलं, ‘अनावश्यक’. मी भांडले नाही. घरी जाऊन दोन प्रकारच्या आमट्या करायच्या होत्या, एक गुळाची आणि एक बिनगुळाची.

मेंदू मी शाळेला परत केला. तुकडे सात, आधी होते तेवढेच. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, यावर काहीतरी पिवळं घातलेलं होतं असं ऐकलं, ते छान होतं म्हणे, राहू द्यायचं होतं.

ते मी दिलं नाही. हिवाळा लागला होता, सासूबाईंचे केस जेमतेम बोटाच्या पेराएवढे आले होते, आणि टाक्यांच्या जागी गार लागे. मायनं टोपरं त्यांच्यासमोर धरलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “त्या मुंडक्याचं उतरवलेलं मला?”

“धुतलंय,” माय म्हणाली.

त्यांनी ते घातलं आणि बंद बांधायला मान पुढे केली.